बाळंतिणीच्या ताटातलं वरण

ताई,

परवा दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमच्यासाठी सभा झाली. नगरपालिकेच्या दवाखान्याचा तोच लांब व्हरांडा, जिथे तुम्ही दर मंगळवारी लेकुरवाळ्या बायांना बसवून घ्यायच्या. फोटोला हार घातला होता. डॉक्टरीणबाई बोलल्या, कंपाउंडर बोलले, वॉर्डाचे मेंबर बोलले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की सिस्टरांनी भंडाऱ्यातल्या आयांना खायला शिकवलं. मग कोणीतरी म्हणालं, घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोला, आणि तुमच्या यजमानांनी, माझ्या भासऱ्यांनी, माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पदर सावरला, समोरच्या बायांकडे पाहिलं आणि तशीच खाली बसले. शेजारची एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मला रडू आवरत नाही.

रडू नव्हतं, ताई. लाज होती. त्याच व्हरांड्यात मी एकदा तुम्हाला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली होती. सभेला आलेल्यांपैकी डॉक्टरीणबाई सोडल्या तर ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांच्या चांगुलपणामुळे मला आणखीनच खाली पाहावं लागलं. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. तुमच्याशीच बोलते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हटलं की मी माझी बाजू सावरायला लागते.

मी लग्न होऊन पवनीहून या घरात आले तेव्हा माझी आई जाऊन वर्ष झालं होतं. यांची नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत; सकाळच्या बसने जायचे ते दिवेलागणीला यायचे. भासरे शाळेत मास्तर, तुम्ही दवाखान्यात सिस्टर, आणि घर सासूबाईंच्या हातात. आपण दोघी त्यांना मामीजी म्हणायचो. मोहाडीकडच्या शेतातून धान यायचं. तांदूळ घरात कधी कमी पडला नाही, तूर आणि लाखोळीची डाळही नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहून ठेवते. पुढे जे झालं ते गरिबीमुळे झालं असं कोणाला वाटायला नको. तेवढी सबबही आपल्या घराकडे नव्हती.

पहिल्या उन्हाळ्यात माझं मन इथे लागत नव्हतं. एका रविवारी भाजी आणायच्या निमित्ताने तुम्ही मला वैनगंगेच्या पुलापर्यंत चालवत नेलं. पाणी आटलं होतं, मधे वाळूच वाळू. कठड्यापाशी उभ्या राहून तुम्ही म्हणाल्या, "हे पानी तुझ्या पवनीलेच जाते. रडायचं असन तं इथं रडून घे, घरी नको." मी रडले. तुम्ही भाजीची पिशवी धरून दुसरीकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि घरी येताना काहीच झालं नाही असं मेथीचा भाव किती वाढला ते बोलत आल्या. त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातल्या मनात आईच्या जागी धरलं. तुम्हाला ते कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असता.

तुम्ही इस्त्रीची पांढरी साडी नेसून निघाल्या की मला अभिमान वाटायचा. आपल्या आळीत तशी बाहेर पडणारी दुसरी सून नव्हती. आणि नव्या डॉक्टरीणबाई आल्यावर तर गावभर तुमचंच नाव झालं. आधी त्या दवाखान्यात काय होतं? सुया, बाटलीतलं लाल औषध, खरजेचं मलम. हगवणीचं लेकरू आलं की औषध द्यायचं, महिन्याने तेच लेकरू पुन्हा यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाच्या आधी आईशी बोलायला पाहिजे, तिच्या ताटाबद्दल आणि लेकराच्या वाटीबद्दल. मंगळवार ठरला. ते काम तुमच्याकडे आलं आणि तुम्ही ते नोकरीसारखं केलंच नाही. घरून स्टोव्ह नेला, पातेलं नेलं. मूगडाळीची मऊ खिचडी तिथेच शिजवून, वर तेलाचे चार थेंब टाकून, लेकरांना चमच्याने भरवून दाखवायच्या. व्हरांड्याच्या कडीला वजनाचा काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी. एकेका लेकराला झोळीत घालायचं आणि आईला विचारायचं, "काल सकाळपासून काय काय खाल्लं, सांग." मग अंगावर पाजणाऱ्या बाईनं दोन घास जास्त खावे, चीक फेकू नये, सहाव्या महिन्यापासून लेकराला वरण-भात कुस्करून द्यावा, बाटलीतल्या दुधात पाणी घालू नये, हे सगळं. हे मला तुमच्या तोंडून कळलं नाही. फार पुढे शेजारच्या सायत्राबाईंनी सांगितलं. त्यांची सून जायची मंगळवारी.

त्याच दिवसांत माझा प्रशांत झाला. माहेरी आई नव्हती म्हणून पहिलं बाळंतपण इथेच. मामीजींनी मला मागच्या खोलीत ठेवलं आणि पथ्य सुरू केलं. पहिल्या दिवसाचा चीक पिळून टाकायला लावला. तुम्ही दुपारी दवाखान्यातून आल्या, दारातूनच वाटीतला तो पिवळा चीक पाहिला आणि हात धुवायला निघून गेल्या. मला वाटलं, तुम्हाला विटाळाची भीती वाटली असेल. मी किती भोळी होते.

माझ्या ताटात मऊ भात, त्यावर तूप, भाजलेल्या लसणाची पूड. वरण नाही, वरणानं लेकराला वात होतो. पालाभाजी नाही, लेकरू हिरवं हगतं. दही नाही, फळ नाही. आणि भात पोटभर नाही, कारण बाळंतीण पोटभर जेवली की लेकराचं पोट फुगतं. महिना-सव्वा महिना तसं राहायची माझी तयारी होती. पण मामीजींचा नेम, लेकरू अंगावर पितं तोवर पथ्य. तिसरा महिना गेला, चौथा गेला. मी घरातली सगळी कामं करत होते. धान कांडपाला पाठवायचं, तांदूळ पाखडायचे, सगळ्यांना वाढायचं, आणि शेवटी तुमच्याशेजारी बसून तोच भात खायचा. दुपारी मामीजी पडल्या की डब्यातले मुरमुरे मुठीने तोंडात कोंबायचे, वाजू नये म्हणून तोंडात आधी भिजवायचे. भरल्या घरात चोरून खाण्याची जी लाज असते ती दुसऱ्या कशाची नसते.

दूध कमी व्हायला लागलं. मामीजींनी बाटली आणली. दूध जड होतं म्हणून त्यात निम्मं पाणी. प्रशांतला हगवण लागली, थांबली, पुन्हा लागली. त्याचे गाल गेले. त्याचं रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं. सहावा महिना उलटला तरी अन्न मात्र सुरू करायचं नाही, कारण उष्टावण गावच्या देवापुढे व्हायचं आणि तिथे सगळ्यांनी मिळून जायला पेरणी-रोवणीतून कोणाला सवड नाही.

आणि तुम्ही, ताई, रोज माझ्याशेजारी बसून जेवत होत्या. तुमच्या ताटात वरण होतं, भाजी होती. नोकरी करणाऱ्या सुनेला मामीजी सगळं वाढायच्या. एकदा तुम्ही वरणाची वाटी उचलली, माझ्या भातावर ओतणारच होत्या, तेवढ्यात मामीजी पाणी प्यायला आत आल्या. तुमचा हात परत गेला. तुम्ही ती वाटी स्वतःही प्यायली नाही, तशीच ठेवून उठल्या. मला राग आला असं नाही म्हणणार. मला वाटलं, माझं लेकरू तसंच असेल, अशक्त. काही असतं तर ताई बोलल्या असत्या. त्या तर गावाला सांगतात.

मग एका सकाळी नळावर सायत्राबाई सहज म्हणाल्या, "तुयी जाऊ सांगते का पाजनाऱ्या बाईनं दोन घास जास्त खावं. तुमच्या घरी तं तुयी मजाच असन." त्या टोचून बोलल्या नव्हत्या. खरंच तसं समजून बोलल्या होत्या. मी हंडा भरला, घरी आणला, खाली ठेवला, आणि झोपलेल्या प्रशांतचे दंड चाचपून पाहिले.

पुढच्या मंगळवारी मी मामीजींना सांगितलं की प्रशांतला सुई टोचायची आहे, आणि त्याला लुगड्यात गुंडाळून दवाखान्यात गेले. व्हरांड्यात बाया ओळीने बसल्या होत्या. मी डोक्यावरून पदर घेऊन बसले. तुम्ही एकेकीशी बोलत, झोळीतलं लेकरू उतरवत, हसत पुढे येत होत्या. घरी मी तुम्हाला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. एकीला विचारलं, तिनं सांगितलं वरण, भात, भाजी, पोळी. दुसरीनंही तेच सांगितलं. मग मी दिसले. तुम्ही थबकल्या. मग दुसऱ्या कोणाही बाईचं घ्यावं तसं माझ्या मांडीवरून प्रशांतला घेतलं आणि झोळीत घातलं. काटा पाहून तुम्ही आकडा मोठ्यानं म्हटला नाही. डॉक्टरीणबाई स्वतः उठून काट्याजवळ आल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

तुम्ही तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण तुम्ही विचारलं, जे सगळ्यांना विचारायच्या तेच.

"काल काय काय खाल्लं?"

"सकाळी भात," मी म्हटलं. "संध्याकाळी भात."

"आणि वरण?"

"वरण देत नाहीत."

मागून एका बाईनं विचारलं, कोण देत नाही गं, असं कसं घर तुझं? तिला वाईट वाटलं म्हणून तिनं विचारलं. मी तिला उत्तर द्यायला नको होतं. मी पदर मागे घेतला, तुमच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "ह्यांचंच घर. ह्या माझ्या सख्ख्या जाऊबाई. रोज माझ्या बाजूले बसून वरण-भात जेवतात."

कडेची एक पोरगी फसकन हसली आणि तिच्या आईनं तिला गप्प केलं. डॉक्टरीणबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुमची मान खाली गेली होती. प्रशांत अजून झोळीतच होता, तुम्ही त्याला उतरवून माझ्या हातात दिलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढची या."

तो "पुढची या" मला अजून ऐकू येतो. त्या आवाजात राग असता तर मी सुटले असते. तो आवाज अगदी रिकामा होता.

घरी येईपर्यंत माझा सगळा जोर संपला होता. मला वाटलं, संध्याकाळी तुम्ही मामीजींना सांगाल, भासऱ्यांना सांगाल, माझी शोभा होईल. तुम्ही आल्या, हातपाय धुतले, जेवल्याच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्या नाही. सकाळी चुलीपाशी बसून घट्ट वरण शिजवलं, चवळीची भाजी केली, आणि पुरुषमाणसं जेवून उठायच्या आधीच माझं ताट वाढलं. मामीजी दारात येऊन उभ्या राहिल्या. बाळंतिणीच्या ताटात वरण काहून, असं त्यांनी विचारलं.

"मी वाढून राहिली," तुम्ही म्हणाल्या. "आता रोज वाढन."

"लेकराचं पोट फुगन."

"फुगलं तं मी पाहीन."

तेव्हा मामीजी ते वाक्य बोलल्या. "तुले लेकराचं काय समजते," त्या म्हणाल्या.

तुमच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. तुमची एक मुलगी होऊन गेली होती हे मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. काविळीने गेली असं घरात सांगायचे, आणि तेही कुजबुजत. मी समोर पाटावर बसले होते. माझ्यासाठी तुम्ही ते ऐकून घेत होत्या. माणूस असते तर मी ताट सारलं असतं, उठून तुमच्याजवळ आले असते, निदान घास तरी थांबवला असता. माझा हात थांबला नाही, ताई. वरण गरम होतं, त्यात लसणाची फोडणी होती, आणि मी खात राहिले. तुमचे डोळे भरलेले पाहत पाहत खात राहिले आणि आणखी भात मागितला. तुम्ही वाढला.

व्हरांड्यातल्या बोलण्याबद्दल मी तुमच्याशी पुढे कितीदा भांडले, स्वतःची बाजू मांडली. या घासांबद्दल मात्र मी तुमच्याशी कधी बोलले नाही. त्यांना बाजूच नाही.

प्रशांत वाचला. तुम्हीच त्याला खिचडी कुस्करून भरवली, देवाच्या आधी आणि मुहूर्ताच्या आधी. बाटली तुम्ही फोडली नाही, फेकली नाही, नुसती उचलून नेली आणि ती पुन्हा दिसली नाही. मामीजी महिनाभर तुमच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तुम्ही दर मंगळवारी प्रशांतला स्वतः कडेवर घेऊन दवाखान्यात न्यायच्या, झोळीत घालायच्या. तो उशिरा बसला, उशिरा चालला, पण चालला. आता पाचवीत आहे आणि कबड्डीत गुडघे फोडून येतो. माझ्याशी मात्र तुम्ही बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या. मीठ कुठे आहे, दळण आणलं का, एवढंच.

सभेत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सिस्टरांनी मंगळवारची पद्धतच बदलली. बायांना चारचौघींत विचारायचं बंद केलं, एकेकीला पट्टीच्या खोलीत नेऊन, दार लोटून विचारायला लागल्या. सुनेबरोबर सासूलाही बोलावल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. सासवा भांडायला यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. ज्या यायच्या नाहीत त्यांच्या घरी तुम्ही जायच्या, ओट्यावर बसून त्यांच्या सांधेदुखीचं ऐकायच्या, आणि निघताना वरणाचं सांगायच्या. टाळ्या वाजल्या. हे सगळं कुठून आलं ते मला माहीत होतं. मला एवढंच कळेना की टाळ्या वाजवू की नको.

फक्त एका सासूला तुम्ही कधी बोलावलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्या नाही येनार." मी म्हटलं, विचारून तर पाहा. तुम्ही तांदळातले खडे वेचत राहिल्या.

आपलं भांडण तिथेच अडायचं. वर्षातून एकदा-दोनदा व्हायचंच, पापड लाटताना नाही तर गव्हाला ऊन दाखवताना. तुम्ही म्हणायच्या, तुले घरी सांगता आलं असतं. मी म्हणायचे, घरी तुम्ही ऐकलं असतं का? एकदा तुम्ही लाटणं ठेवून विचार केला आणि म्हणाल्या, "ऐकलं असतं. केलं नसतं." इतकं खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकायचे, की मला तिथे सगळ्यांसमोर विचारलंच काहून? तुम्हाला तर माझं ताट माहीत होतं. त्यावर तुम्ही उठून जायच्या.

त्याचं उत्तर तुम्ही मला या पावसाळ्यात दिलं, नागपूरच्या दवाखान्यात, तुम्हाला भरती केलं होतं तिथे. दुपार होती. मी तुमचे पाय चेपत होते, पाय कुठे, नुसती हाडं राहिली होती म्हणा. तुम्ही डोळे मिटूनच बोलायला लागल्या. तुमची मुलगी त्याच मागच्या खोलीत झाली होती आणि त्याच भातावर तुम्ही तिला पाजत होत्या. कावीळ वगैरे काही नव्हतं. ती वाळत गेली आणि एक दिवस तुमच्या मांडीवरच गेली. तेव्हा तुम्ही नर्स नव्हत्या. घरात बसवेना म्हणून भासऱ्यांनी तुम्हाला ट्रेनिंगला पाठवलं, आणि तिथे एक दिवस पाजणाऱ्या आईच्या खाण्याचा धडा आला. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि तुम्हाला बसल्या जागी समजलं. बाकीच्या मुली जेवायला गेल्या तरी तुम्ही बाकावरच बसून होत्या.

"त्या खोलीत मी नर्स नसते," तुम्ही म्हणाल्या. "त्या खोलीत माझ्यानं तोंडच उघडत नाही."

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "तुले विचारलं, कारन मले वाटलं तू खोटं बोलशील. सगळ्या बोलतात. वरण, भात, भाजी, पोळी. घराची अब्रू झाकतात. तूही झाकशील, मी मान हलवीन, आणि दोघी सुटू."

मी पाय चेपायची थांबले. मला म्हणायचं होतं की ताई, मला माफ करा. त्या बोटाबद्दल नाही, त्या घासांबद्दल. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली, तिच्यामागे भासरे आले, त्यांनी मोसंबी आणली होती. मी मोसंबी सोलायला घेतली. मनात म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी तुम्हाला गुंगी आली, आणि नंतर तुम्ही कोणालाच ओळखलं नाही.

काल तुमची तेरवी झाली. दुपारी पंगती उठल्या, पाहुणे गेले. मामीजींना आता जवळचंही नीट दिसत नाही. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून पाण्याचा घोट सोडून काही घेतलं नव्हतं. मी ताट घेऊन गेले. त्यांनी ते हातानेच बाजूला केलं आणि मला खाली बसायला सांगितलं.

मग म्हणाल्या, तुमच्या पोरीचं नाव वेणू ठेवलं होतं. ताई, इतक्या वर्षांत या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्या बोलत होत्या आणि हाताने जमिनीवरचा नसलेला कचरा गोळा करत होत्या. वेणूच्या वेळी मामीजींच्या सासूबाई होत्या आणि घर त्यांच्या हातात होतं. पथ्य त्यांचं. मामीजी चुलीपाशी असायच्या, ताट तेवढं त्यांच्या हातून जायचं.

"पोरगी भुकेनं रडून राहिली, हे मले समजत होतं," त्या म्हणाल्या. "चार पोरं वाढवली मी. भुकेचं रडनं मले समजत नाही का? पन सासूपुढं तोंड उघडलं नाही."

मी विचारलं, मग माझ्या वेळी? माझ्या वेळी तर घर तुमच्याच हातात होतं, मामीजी. पथ्य तुम्हीच का लावलं?

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे माझ्यावर नव्हते, थोडे बाजूला होते.

"तुले वरण वाढलं असतं, तं तिनं पाहलं असतं," त्या म्हणाल्या. "तिनं म्हटलं असतं, मंग मले काहून नाही वाढलं, मायी पोरगी काहून जाऊ देली? म्हनून नाही वाढलं. आनि तिनं वाढलं त्या दिवशी तिले नाही ते बोलली. हे तिले सांगायचं होतं. रोज वाटे, आज सांगन. लाज वाटे."

माझ्याही ओठांवर एक वाक्य तसंच राहिलं आहे.

मग त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "तुले लिवता-वाचता येते. तू सांग तिले."

म्हणून लिहिते आहे, ताई. त्यांचंही आणि माझंही.